जाहिरात तपासणारे साहेब

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला ज्यांच्या हाताखाली काम करायचं होतं ते गृहस्थ जागेवर नव्हते. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, साहेब सकाळपासून बसमध्ये आहेत. मला वाटलं बस वाटेत बंद पडली असेल. तसं नव्हतं. साहेब पुणे स्टेशनवरून सिटी बसनं कॉलेजच्या फाट्यावर येत होते, उतरून घड्याळ बघत होते, वहीत काहीतरी लिहीत होते आणि रस्ता ओलांडून पुन्हा स्टेशनकडे जाणारी बस पकडत होते. तिसरी फेरी चालू होती.

आमचं कॉलेज सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे, फाट्यापासून उसातून दहा मिनिटं चालत आत होतं. कॉलेज म्हणजे त्या वेळी दोन मजले, तिसऱ्याच्या नुसत्याच वर आलेल्या सळया आणि संगणकशास्त्राची पदवी. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी शनिवार पेठेत वाढलेली, नुकतीच बी.कॉम. झालेली. माझ्या कामाचं नाव होतं 'प्रवेश व प्रसिद्धी सहायक'. चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि जाहिराती टाइप करायच्या, एवढंच ते काम.

तीनच्या सुमारास साहेब आले. उंच, वाळके, पांढरा इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला हिरव्या शाईचं पेन आणि सहा इंची स्टीलची पट्टी. पाणी प्यायले आणि माझं नावही न विचारता म्हणाले, "तुम्ही आज कशा आलात?"

स्वारगेटहून, कॉलेजच्या बसनं, असं मी सांगितलं.

"किती वेळ लागला?"

"पाऊण तास लागला असेल."

"असेल म्हणजे? लागला की नाही लागला?"

त्यांनी टेबलावरचा जाहिरातीचा मसुदा माझ्यापुढे सरकवला. त्यात 'पुणे स्टेशनपासून अवघ्या वीस मिनिटांवर' असं होतं. ती ओळ त्यांनी पट्टी लावून हिरव्या शाईनं खोडली आणि वर लिहिलं, 'पुणे स्टेशनपासून सिटी बसने एक तास पाच मिनिटे. हडपसरच्या पुढे बसायला जागा मिळते.' मग म्हणाले, हे टाइप करा.

रविवारी ती जाहिरात तशीच्या तशी छापून आली. सोमवारी सकाळी आमचे अध्यक्ष ऑफिसात आले. अध्यक्ष लोणीचेच, ऊस पिकवणारे. स्वतःच्या जमिनीवर त्यांनी हे कॉलेज काढलं होतं. वर्तमानपत्र टेबलावर ठेवून ते म्हणाले, "आवो सायेब, ती जाहिरात हाय, सातबारा न्हाई."

साहेब म्हणाले, "मग सातबारासारखी करू या."

अध्यक्ष काही बोलणार एवढ्यात खिडकीशी एक निवृत्त पोस्टमास्तर नातवाला घेऊन उभे राहिले. त्यांची तक्रार होती. जाहिरातीत एक तास पाच मिनिटं लिहिलंय आणि त्यांना एक तास सात मिनिटं लागली. साहेब उठून खिडकीशी आले, कुठली बस, किती वाजता सुटली, ते सगळं लिहून घेतलं आणि त्यांचे आभार मानले. पोस्टमास्तर खूश झाले. नातवाचा अर्ज त्याच दिवशी भरला गेला. अध्यक्ष उभे राहून हे सगळं बघत होते. मग वर्तमानपत्राची घडी घालून निघून गेले.

साहेबांना 'सर' म्हटलेलं चालत नसे, कारण ते शिकवत नव्हते. 'काका' चालत नसे, कारण आम्ही नात्यातले नव्हतो. 'साहेब' हे त्यांनी, दुसरं काही सुचेपर्यंत, असं म्हणून चालवून घेतलं होतं, आणि दुसरं कुणाला शेवटपर्यंत सुचलं नाही. ते स्वतः सगळ्यांना अहो-जाहो करत. शिपायालाही, आणि अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यालाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उभ्यानं खात. दोन पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, वर ताक. बसलं की माणूस जास्त खातो, असं त्यांचं म्हणणं. हे आपण तपासून पाहिलंय, असंही सांगत.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तयार मालाची तपासणी केली होती. स्वेच्छानिवृत्ती घेतली, क्वार्टर सोडलं आणि विश्रांतवाडीला दोन खोल्यांत बायकोबरोबर राहायला गेले. अध्यक्षांनी 'शिस्तप्रिय निवृत्त व्यक्ती पाहिजे' अशी जाहिरात दिली होती. तिला यांनी अर्ज केला. अर्जात स्वतःबद्दल चार ओळी होत्या आणि खाली त्या जाहिरातीतल्या दोन चुका दाखवल्या होत्या. अध्यक्षांना ते इतकं आवडलं की त्यांनी भेटायच्या आधीच माणूस पक्का केला. नंतर कधी चिडले की ते स्वतःच्याच कपाळावर हात मारून म्हणत, मीच आनला ह्यो मानूस.

त्या काळात पुण्यात कॉलेजांच्या जाहिरातींना जे उधाण आलं होतं ते आठवलं की आजही गंमत वाटते. प्रत्येक गल्लीत संगणकाचे क्लास, प्रत्येक रिक्षाच्या पाठीवर कुठल्या तरी इन्स्टिट्यूटचं नाव. बारावीचा निकाल लागला की एक कॉलेज हत्तीच्या अंगावर झूल घालून तो पेठांतून फिरवायचं. झुलीवर फोन नंबर. एकानं गेटवर अमेरिकेतल्या स्वातंत्र्यदेवीचा प्लास्टरचा पुतळा उभा केला होता. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या मशालीचा हात गळून पडला. कुणी प्रवेशाबरोबर हेल्मेट द्यायचं, कुणी गणपतीत मांडवाची अख्खी कमान विकत घ्यायचं. विदर्भातून येणारी गाडी स्टेशनात शिरली की सुटाबुटातली दोन मुलं फलाटावर गुलाबाची फुलं वाटायची आणि फुलाच्या देठाला कॉलेजचं कार्ड बांधलेलं असायचं.

हे सगळं साहेब बारकाईनं पाहत. नावं ठेवत नसत. हत्तीच्या जाहिरातीबद्दल मी काहीतरी कुचकट बोलले तेव्हा म्हणाले, "हत्ती खरा होता. तेवढं तरी बरं." त्यांचा आक्षेप नवेपणाला कधीच नव्हता. जे छापायचं ते आधी दाखवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. 'दाखवा' हा शब्द ते दिवसातून दहा वेळा उच्चारत. 'सुसज्ज ग्रंथालय' असं लिहिलं की उठायचे आणि ग्रंथालयात जाऊन उभे राहायचे. परत येऊन 'सुसज्ज' खोडायचे. ग्रंथपाल बाईंनी तीन वेळा हे सहन केलं. चौथ्या वेळी त्यांनीच अध्यक्षांकडे जाऊन पुस्तकं मागवून घेतली आणि साहेबांना बोलावून म्हणाल्या, आता या आणि मोजा. साहेबांनी मोजली. पुढच्या माहितीपत्रकात त्यांनी 'सुसज्ज' न खोडता ठेवलं.

प्रयोगशाळेच्या फोटोचा प्रकार त्याच वर्षी झाला. माहितीपत्रकासाठी फोटो काढायचा होता आणि आमच्याकडे संगणक होते बारा. अध्यक्षांनी एका व्यापाऱ्याकडून एका दिवसासाठी आणखी तीस भाड्यानं आणले. टेम्पो आला, संगणक टेबलांवर मांडले गेले, मुलांना टाय घालून बसवलं. साहेबांनी कशालाही विरोध केला नाही. फोटोग्राफरला खुर्चीसुद्धा नेऊन दिली. संध्याकाळी टेम्पो परत गेला. आठ दिवसांनी माहितीपत्रकाची कच्ची प्रत अध्यक्षांच्या टेबलावर गेली. फोटोखाली ओळ होती, 'छायाचित्रातील तीस संगणक त्याच दिवशी संध्याकाळी परत गेले.'

अध्यक्षांनी ती ओळ वाचली, परत वाचली आणि ते हसू लागले. मीही हसले. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी दुसरा कागद पुढे केला. त्यावर बाराच संगणकांचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'संगणक बारा, विद्यार्थी साठ. म्हणून प्रयोगशाळा सकाळी सात ते रात्री नऊ उघडी असते.'

"उघडी कुटं असती?" अध्यक्ष म्हणाले.

"छापलं की असेल," साहेब म्हणाले.

आणि ती असायला लागली, कारण दुसऱ्या दिवसापासून साहेब पहाटे सहाला विश्रांतवाडीहून स्कूटर काढून सातला कुलूप उघडायला हजर राहू लागले. थंडीत कानाला मफलर, हातमोजे, आणि मागच्या सीटला बांधलेला डबा. संध्याकाळची जबाबदारी अध्यक्षांच्या पुतण्यानं उचलली. आधी पाच-सहाच मुलं यायची, नंतर सातच्या आधी दाराशी उभी राहू लागली. पुढच्या वर्षी अध्यक्षांनी खरोखरच आणखी वीस संगणक घेतले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की साहेब जाहिराती छोट्या करत नव्हते. जाहिरात छापून झाल्यावर कॉलेजला तिच्याइतकं मोठं व्हावं लागत होतं.

गावातल्या लोकांसाठी कॉलेजनं संध्याकाळचा एक लहान अभ्यासक्रम सुरू केला. मी जाहिरातीत लिहिलं, 'संगणकाची भीती वाटणाऱ्यांसाठी, सोप्या मराठीत.' साहेबांनी विचारलं, सोप्या हे कुणी ठरवलं? मी म्हणाले, शिकवणाऱ्या सरांनी. ते म्हणाले, "शिकणाऱ्यानं ठरवायला हवं." आणि स्वतःचं नाव नोंदवलं.

तीन महिने ते पहिल्या बाकावर बसले. शिकवणारा मुलगा चोवीस वर्षांचा होता. साहेबांनी हात वर केला की त्याला घाम फुटायचा. परीक्षेत साहेब पाच गुणांनी नापास झाले. तो मुलगा माझ्याकडे आला, जवळजवळ रडवेला. म्हणाला, मी पाच गुण वाढवून देतो, तुम्ही त्यांना सांगू नका. मी सांगितलं नाही, पण साहेबांना ते कसं कोण जाणे कळलं. त्यांनी त्याला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की एकतीस वर्षांत आपण एकही नापास तुकडा पास केलेला नाही, आणि सुरुवात स्वतःपासून करणं बरं दिसणार नाही.

पुढच्या तुकडीच्या जाहिरातीतून 'सोप्या' गेलं. त्याऐवजी आलं, 'आमच्या प्रसिद्धी विभागातील एक साठीचे गृहस्थ पहिल्या खेपेस नापास झाले. दुसऱ्यांदा शिकवण्याची कॉलेजची तयारी आहे.' त्या तुकडीला जागा पुरल्या नाहीत. निवृत्त कारकून आले, साखर कारखान्यातला पहारेकरी आला, लोणीतल्या सात-आठ गृहिणी आल्या. एकीनं मला सांगितलं, एवढा शिकलेला माणूस नापास होतो म्हटल्यावर मला कशाची लाज? त्या चोवीस वर्षांच्या मुलानं इंग्रजी पुस्तक बाजूला ठेवलं आणि मराठीतून स्वतःच्या हातानं टिपणं काढली. साहेब दुसऱ्यांदा पास झाले. त्यांच्या बायकोनं ते प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर लावलं. ते सरळ लागलंय की नाही हे त्यांनी अर्थातच पट्टी लावून पाहिलं.

त्यांच्या या हट्टामागे काही मोठी दुर्घटना असणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. कारखाना दारूगोळ्याचा, तेव्हा तसं वाटणं साहजिकच. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी धीर करून विचारलं. ते म्हणाले, तसं काही नाही. तिशीत असताना एकदा त्यांनी एक पेटी घाईत पास केली होती. मुलगी आजारी होती, घरी लवकर जायचं होतं. पेटी गेली. मग त्यांना झोप लागेना. जिथे ती गेली तिथे ती कुणीतरी उघडणार होतं, आणि तो माणूस यांना कधी भेटणार नव्हता. अठराव्या दिवशी त्यांनी वरिष्ठांना जाऊन सांगितलं, बोलणी खाल्ली आणि पेटी परत मागवून घेतली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? माल चांगला होता." ताकाचा पेला त्यांनी धुऊन ठेवला. "पण ते अठरा दिवस गेलेच ना."

चार वर्षं गेली आणि सगळं फिरलं. अमेरिकेत गेलेली माणसं परत यायला लागली. ज्या कंपन्या कॉलेजच्या दाराशी येऊन मुलं उचलत होत्या, त्यांचे फोन लागेनासे झाले. त्या जुलैत आमच्या साठ जागांपैकी निम्म्या रिकाम्या होत्या. शेजारच्या कॉलेजानं दोन वर्ग बंद केले. अध्यक्षांनी शहरातल्या एका जाहिरात कंपनीची माणसं आणली. हडपसरला रस्त्यावरचा मोठा फलक दोन महिन्यांसाठी घेतला. त्यावर झळकायची होती एकच ओळ: 'शंभर टक्के नोकरीची हमी.'

कागद साहेबांपुढे आला. ते म्हणाले, दाखवा.

अध्यक्षांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला. ते म्हणाले, समदी कालेजं हेच लिवत्यात, आपन न्हाई लिवलं तर पोरं तिकडं जात्यात, मग तुमचा खरेपना कुनाला शिकवायचा? वर्ग बंद पडला तर हितली तीस मानसं घरी बसतील, त्यात ही पोरगीबी हाय. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मला खरं सांगायचं तर अध्यक्षांचं पटत होतं. घरी वडील निवृत्त झाले होते आणि धाकटी बहीण शिकत होती.

साहेबांनी ऐकून घेतलं. आपल्याला दुसरा उपाय लगेच सुचत नाही हे कबूल केलं. मग म्हणाले, "मला पंधरा दिवस द्या. नाही जमलं तर माझ्या जागी दुसरा माणूस घ्या आणि त्याच्याकडून हे पास करून घ्या. माझ्याकडून होणार नाही."

अध्यक्षांनी पंधरा दिवस दिले. फलक कोराच राहिला.

साहेबांनी पोस्टातून जोडकार्डं आणली. एक आपण लिहायचं, त्याला जोडलेलं दुसरं कोरं, उत्तरासाठी. तोवर दोन तुकड्या शिकून बाहेर पडल्या होत्या. ब्याऐंशी विद्यार्थी. प्रत्येकाला त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'सध्या आपण काय करता? कॉलेजचा त्यात काय उपयोग झाला, किंवा झाला नाही, ते दोन ओळींत कळवावे. जसे कळवाल तसे कॉलेजात भिंतीवर लावण्यात येईल.' मी पत्ते घातले.

उत्तरं यायला लागली. कुणी बंगळुरूला होता, कुणी औंधमध्ये. कुणी वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात. एकानं लिहिलं होतं, पोलीस भरतीची तयारी करतो आहे, कॉलेजचा उपयोग म्हणजे सकाळी उठायची सवय. साहेब प्रत्येक कार्ड वाचून चौकशीच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर टाचणीनं लावत. चांगलं-वाईट असं वेगळं न करता, जसं येईल तसं.

एका सकाळी टपाल मी घेतलं. त्यात वाशीमकडच्या एका मुलीचं कार्ड होतं. माझ्या पहिल्याच वर्षी ती आईबरोबर माझ्या खिडकीशी आली होती. आईनं विचारलं होतं, एवढ्या लांब पोरीला ठेवते, नोकरी लागेल ना? साहेब त्या वेळी जागेवर नव्हते. दोघींचे चेहरे बघून मी म्हणून गेले होते, लागतेच हो. कार्डावर लिहिलं होतं:

'नोकरी नाही. खिडकीवरच्या ताईंनी लागतेच असे सांगितले होते. त्यांचा दोष नाही, दिवस तसे आहेत. गावच्या दूध संस्थेत संगणक दोन वर्षे फडक्याखाली झाकून ठेवलेला होता, तो मी चालू केला. आता रोजच्या दुधाची नोंद त्यावर होते. दोन जणांना शिकवले. पगार नाही. ताईंना नमस्कार.'

मी ते कार्ड माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं.

संध्याकाळी साहेब भिंतीसमोर उभे राहून मोजत होते. पोस्टमन किती देऊन गेला हे त्यांनी नेहमीप्रमाणे त्याला विचारून ठेवलं होतं. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "एक कमी आहे."

मी खण उघडला आणि कार्ड दिलं. त्यांनी वाचलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, आणि जे बोलतील ते मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी कार्ड माझ्या हातात परत दिलं, टाचणीची डबी पुढे केली आणि बाजूला सरकले. मी ते भिंतीवर लावलं. टाचणी दोनदा वाकली. ते पुढची टाचणी देत राहिले.

पंधराव्या दिवशी एकसष्ट कार्डं भिंतीवर होती. हडपसरच्या फलकावर साहेबांनी पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत एवढंच लिहून घेतलं: 'आमचे विद्यार्थी आज काय करतात? येऊन वाचा.' खाली कॉलेजचं नाव आणि फाटा. चित्र नाही, टाय घातलेली मुलं नाहीत, अमेरिकेला निघालेलं विमान नाही. जाहिरात कंपनीची माणसं म्हणाली, आमचं नाव कुठे सांगू नका.

लोक आले. आधी नुसते रस्त्यानं जाणारे, कुतूहलानं. मग आईवडील. एरवी खिडकीशी आलेला माणूस पाच मिनिटांत तीन प्रश्न विचारून जायचा. आता माणसं तास-तासभर भिंतीसमोर उभी राहायची. एक वडील चष्मा वर करून पोलीस भरतीवाल्याचं कार्ड वाचत होते. त्यांनी साहेबांना विचारलं, हे कशाला लावलंत, यात तुमचं काय भलं? साहेब म्हणाले, "तोही आमचाच आहे." ते गृहस्थ मुलाकडे वळून म्हणाले, भर अर्ज.

दुसऱ्या आठवड्यात हडपसरचे एक छोटे व्यावसायिक पुतण्याच्या प्रवेशासाठी आले. पाच-सहा माणसांची त्यांची कंपनी होती. ते दूध संस्थांसाठीच संगणकाची कामं करत. पुतण्याला खिडकीत सोडून ते भिंतीशी गेले ते बराच वेळ तिथेच. मग मला म्हणाले, "ही वाशीमची मुलगी कोण? आम्ही आठ महिने झाले संस्थांना संगणक विकतोय आणि ते फडक्याखाली झाकून ठेवतात. हिनं चालू कसा केला?"

मी कार्डावरचा पत्ता काढून दिला. साहेबांनी तिच्या गावच्या दूध संस्थेचा फोन शोधून काढला आणि तिथूनच लावून दिला. फोन लागला तेव्हा ती संस्थेतच होती. आधी ते गृहस्थ बोलले, बराच वेळ, सगळे कामाचे प्रश्न. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला. ती म्हणाली, ताई, हे खरं आहे ना? या वेळी मी तिला सांगितलं, मला माहीत नाही, माणूस समोर बसलाय, तुझ्याबद्दल चांगलं बोलतोय, येऊन स्वतः बघ. ती आली, आईला घेऊन. तिनं स्वतः बघितलं, चार दिवस विचार केला आणि मग नोकरी धरली. पुढे महाराष्ट्रातल्या कितीतरी संस्थांची फडकी तिनं काढली. भिंतीवरची आणखी दोन-तीन कार्डंही नंतर अशीच कुणाच्या ना कुणाच्या नजरेत आली. पोलीस भरतीवाला दुसऱ्या खेपेला भरती झाला. त्यानं नवीन कार्ड पाठवलं. साहेबांनी ते जुन्याच्या शेजारी लावलं, जुनं काढलं नाही.

प्रवेश बंद झाले त्या दिवशी नऊ जागा रिकाम्या होत्या. अध्यक्ष आले, यादी बघितली, भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. त्यांना वाचायला वेळ लागत असे. सगळी एकसष्ट त्यांनी वाचली.

"नऊ कमी हायत," ते म्हणाले.

"हो. नऊ कमी आहेत," साहेब म्हणाले.

"पन औंदा, नोकरी कुटं हाय म्हनून भांडायला कोन आलं न्हाई." असं म्हणून ते बाहेर गेले. फलकाची मुदत त्यांनी आणखी एका महिन्यानं वाढवली.

साहेब गुडघ्यांनी साथ दिली तोवर येत राहिले. आता विश्रांतवाडीलाच असतात, ऐंशी ओलांडली आहे. सोसायटीच्या सूचनाफलकावर लागणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्याकडे जातो. लोक कुरकुरतात आणि तरी नेऊन दाखवतात.

मी ते कॉलेज सोडलं त्याचीही गोष्ट सांगायला हवी. भिंतीच्या दुसऱ्या वर्षी पश्चिम पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेनं मला बोलावलं. काचेची इमारत, वीस अभ्यासक्रम, शहरभर फलक. त्यांना जाहिरात विभागासाठी माणूस हवा होता. त्यांचे फलक मी रोज येता-जाता वाचत असे, आणि साहेबांनी त्यातलं काय-काय खोडलं असतं ते मनात मोजत असे. मला जायचं होतं आणि त्याची लाजही वाटत होती. आठ दिवस मी बोलले नाही. शेवटी एका संध्याकाळी साहेब स्कूटर काढत होते तेव्हा सांगितलं. म्हटलं, तिथे सगळं कसं आहे तुम्हाला माहीतच आहे. मी नाही म्हणून कळवते.

साहेबांनी स्कूटर पुन्हा स्टँडला लावली. मफलर सोडून हँडलवर ठेवला.

"इथे मी आहे," ते म्हणाले. "तिथे कुणी नाही. तुम्ही तिकडे जा."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मी तिकडे रुजू झाले. अजून तिथेच आहे.